शेकडो वेबसाईटची एक वेबसाईट: ब्रिटन सरकारच्या गव्ह.यूकेची आखणी

पुण्यात बसून मी गेली काही वर्षं संस्थांच्या वेबसाईटची आखणी करते आणि त्यांचा मजकूर बघते. नव्या कामाची पहिली बैठक जवळपास नेहमी एकाच वाटेने जाते. चहा येतो, कुणीतरी वहीत चौकोन काढतं आणि मेन्यू ठरायला लागतो: आमच्याविषयी, अध्यक्षांचे मनोगत, विभाग, उपक्रम, छायाचित्रे, संपर्क. अर्ध्या तासात संस्थेतल्या पदांचा तक्ता जसाच्या तसा मेन्यूत उतरतो. मग प्रत्येक विभागप्रमुख आपल्या विभागाचं नाव वरच्या ओळीत आलंय ना, ते बघून घेतो. बाहेरून येणारा माणूस इथे काय विचारायला येणार, हा प्रश्न त्या दिवशी बहुधा निघतच नाही. निघालाच तर ‘त्यासाठी एफएक्यू टाकू’, म्हणजे वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची यादी, एवढ्यावर भागतं.

म्हणून असं काम हाती आलं की मी एक प्रकरण पुन्हा काढून बसते, आणि समोरच्यांना वेळ असला तर त्यांनाही सांगते. ब्रिटन सरकारची गव्ह डॉट यूके ही वेबसाईट. आपल्या कामांच्या मानाने ती अवाढव्य आहे, पण ती करणाऱ्या टीमने आपले निर्णय, चुका आणि आकडे वेळोवेळी उघडपणे मांडले, त्यामुळे त्यातून शिकता येतं. हे प्रकरण सांगणारे बहुतेकजण 2012च्या उद्घाटनापाशी थांबतात. मला त्यानंतरची पाच-सहा वर्षं जास्त मोलाची वाटतात, कारण पहिल्या आखणीत काय राहून गेलं ते तिथे दिसतं.

आधीची परिस्थिती

ब्रिटनमध्ये प्रत्येक मंत्रालय, प्रत्येक मंडळ, प्रत्येक प्राधिकरण आपापली वेबसाईट काढत गेलं होतं. 2007च्या सुरुवातीला सरकारनेच मोजदाद मांडली तेव्हा 951 वेबसाईट निघाल्या, आणि त्यांतल्या 551 बंद करायचं ठरलं. या गर्दीतून लोकांना वाट दाखवायला दोन मोठी दारं होती. नागरिकांसाठी 2004मध्ये सुरू झालेली डायरेक्टगव्ह आणि व्यावसायिकांसाठी बिझनेस लिंक.

डायरेक्टगव्हच्या मांडणीतली गोम समजून घेण्यासारखी आहे, कारण ती मला दर दुसऱ्या कामात भेटते. तिच्या मुख्य यादीत ‘मोटरिंग’, ‘पैसा, कर आणि सरकारी मदत’, ‘गुन्हे आणि न्याय’ असे विषय होते. त्याच यादीत ‘पालक’, ‘अपंग व्यक्ती’, ‘तरुण’, ‘परदेशात राहणारे ब्रिटिश’ असे माणसांचे गटही होते. आता अपंग मुलाच्या आईला गाडी लावण्यासाठीचा ब्लू बॅज हवा असेल तर तिने कुठे जायचं? पालक म्हणून, अपंगांसाठीच्या विभागात, की मोटरिंगमध्ये? तिन्ही उत्तरं बरोबर वाटतात आणि तिथेच ती अडते. किराणा दुकानात अर्ध्या फळ्या डाळी, तांदूळ, मसाले अशा लावल्या आणि उरलेल्या ‘पाहुण्यांसाठी’, ‘उपवासासाठी’ अशा लावल्या, तर साबुदाणा शोधायला मालकालाच उठावं लागेल. एका यादीत वर्गवारीचं एकच तत्त्व पाळायचं, हा आमच्या कामातला पहिला धडा आहे आणि बैठकीत तोच सगळ्यात आधी मोडला जातो.

2010मध्ये सरकारच्या डिजिटल चॅम्पियन मार्था लेन फॉक्स यांनी कॅबिनेट ऑफिसचे मंत्री फ्रान्सिस मॉड यांना एक अहवाल दिला. त्या स्वतः लास्टमिनिट डॉट कॉम या कंपनीच्या सहसंस्थापक. नोव्हेंबर 2010मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाचा रोख असा होता की थोडीफार डागडुजी आता पुरणार नाही, सरकारचं सगळं एका पत्त्याखाली आणा आणि लोकांना दिसणाऱ्या रूपावर शेवटचा शब्द एकाच मध्यवर्ती टीमचा ठेवा. या दुसऱ्या सूचनेकडे माझं लक्ष जास्त जातं. मांडणी कितीही चांगली काढली आणि ती राखण्याचा अधिकार कुणाकडेच नसला, तर सहा महिन्यांत प्रत्येक विभाग आपली एक लिंक वर चिकटवून मोकळा होतो. आखणीच्या कागदात अधिकाराची ही ओळ नसेल तर मी आता कामच सुरू करत नाही.

बारा आठवड्यांचा नमुना

2011च्या सुरुवातीला एक छोटी टीम बसवली गेली आणि तिने बारा आठवड्यांत, 2,61,000 पौंडांत एक नमुना उभा केला. त्याचं नाव अल्फागव्ह. मे 2011मध्ये तो सगळ्यांना बघायला खुला झाला. खरी सेवा म्हणून तो वापरायचाच नव्हता, ‘असं काहीतरी होऊ शकतं’ हे दाखवून लोकांचं मत घ्यायचं होतं.

मतं आलीही, आणि त्यांतलं एक चांगलंच झोंबणारं होतं. नमुना घाईत करायचा म्हणून दृष्टिहीन आणि इतर अपंग वापरकर्त्यांसाठीच्या सोयी टीमने त्या टप्प्यापुरत्या बाजूला ठेवल्या होत्या, आणि तसं सांगूनही टाकलं होतं. त्या क्षेत्रातल्या जाणकारांनी त्यावर सडकून टीका केली. पुढच्या टप्प्यात हे काम पायाचं मानून सुरुवातीपासून घेतलं गेलं. मला ही टीका रास्त वाटते. शीर्षकांची उतरंड, लिंकचे शब्द, फॉर्मचा क्रम हे सगळं स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्याला जसं ऐकू येतं तशीच ती माहितीची मांडणी असते. ती ‘नंतर बघू’ म्हटलं की मांडणीच दोनदा करावी लागते.

पुढे शोध (गरजा समजून घेणं), अल्फा (नमुना), बीटा (लोकांना वापरायला दिलेली चाचणी आवृत्ती) आणि लाईव्ह (पक्की सेवा) अशी टप्प्यांची पद्धत तिथे रूढ झाली. आपल्याकडे एकच कोटेशन मागतात: इतकी पानं, इतके पैसे, इतक्या तारखेला द्या. पानं किती लागतील हे शोधाच्या टप्प्याआधी कुणालाच ठाऊक नसतं. मी हल्ली शोधाच्या टप्प्याचं वेगळं कोटेशन देते आणि उरलेल्याचा आकडा त्यानंतरच सांगते. काही कामं त्यामुळे हातची जातात. जी राहतात ती वेळेत होतात.

667 गरजा

अल्फानंतर गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस ही टीम उभी राहिली. माइक ब्रॅकन तिचे प्रमुख झाले. तिने पहिलं मोठं काम केलं ते गरजांची यादी करण्याचं. डायरेक्टगव्ह आणि बिझनेस लिंकवर काय काय आहे, लोक सर्चमध्ये काय टाइप करतात, कोणती पानं खरोखर उघडली जातात, हे सगळं गोळा करून त्यांनी एक साधं साधन बनवलं आणि त्याला नाव दिलं नीडोट्रॉन. त्यात एकेक गरज नोंदवायची, ती खरी आहे का ते तपासायचं, सरकारनेच भागवायची आहे का ते ठरवायचं आणि मग तिचा क्रम लावायचा.

गरज लिहिण्याचा एक साचा आहे. कोण, काय करायचंय आणि कशासाठी, असे तीन भाग. ‘प्रसूती लाभ धोरणाची माहिती देणे’ ही गरज झाली नाही, ते कार्यालयाचं काम झालं. ‘मी नोकरी करते आणि गरोदर आहे. रजेत हातात किती पैसे येतील ते मला कळायला हवं, म्हणजे रजा कधीपासून घ्यायची ते घरात ठरवता येईल’ ही गरज. दोन्ही वाक्यं शेजारी लिहून बघा. पहिल्यातून दहा परिच्छेदांचं पान निघतं, दुसऱ्यातून चार प्रश्न विचारून आकडा सांगणारं छोटं यंत्र निघतं. गव्ह.यूकेवर तसंच यंत्र झालं.

31 जानेवारी 2012ला बीटा खुली झाली तेव्हा तिच्यात 667 गरजा घेतल्या होत्या. हजाराहून जास्त गाळल्या होत्या. गाळलेल्यांतली मधमाश्यांची गोष्ट त्यांनी आपल्या डिझाइन तत्त्वांतच उदाहरण म्हणून घातली. जुन्या वेबसाईटवर मधमाश्या पाळू इच्छिणाऱ्यांसाठी माहिती होती. उपयोगाची असेलही, पण ती देणं हे सरकारचं काम नव्हे, ती जाणणाऱ्या संस्था बाहेर आहेत. पान गेलं. असं करत दोन्ही वेबसाईटची मिळून सुमारे 75,000 पानं 3,000च्या आसपास आणली गेली. या मजकुराच्या कामाची धुरा सॅरा रिचर्ड्स यांच्याकडे होती. ‘कंटेंट डिझाइन’, म्हणजे वाचणाऱ्याच्या गरजेवरून मजकूर आणि त्याचं रूप ठरवणं, हे आज आमच्या धंद्यात सर्रास बोललं जाणारं नाव त्यांच्या टीममुळेच रुळलं.

हा 75,000 चा आकडा ऐकून बैठकीतली माणसं हसतात, आणि मग मी त्यांना त्यांच्याच वेबसाईटची एक्सेल शीट दाखवते. प्रत्येक पानाला एक ओळ. पत्ता, शीर्षक, शेवटचा बदल कधी झाला, कुणाच्या ताब्यात आहे, गेल्या वर्षात किती जणांनी उघडलं, कुठली गरज भागवतं. शेवटचा रकाना भरताना खोली शांत होते. ही शीट करायला कंटाळवाणे दिवस जातात आणि त्याचं वेगळं कौतुक होत नाही, पण मेन्यूवरचं भांडण शीट नसताना मतांवर चालतं आणि शीट आल्यावर ओळींवर येतं. हा फरक मी अनेकदा अनुभवलाय.

एका सुट्टीचं पान

मोठ्या तत्त्वांपेक्षा एक छोटं पान जवळून बघू. ब्रिटनमधल्या सार्वजनिक सुट्ट्यांना बँक हॉलिडे म्हणतात. इंग्लंड-वेल्सच्या सुट्ट्या वेगळ्या, स्कॉटलंडच्या वेगळ्या, उत्तर आयर्लंडच्या आणखी वेगळ्या. असं पान कार्यालयाने लिहिलं की पुढच्या काही वर्षांचा मोठा तक्ता होतो, वर दोन परिच्छेद प्रस्तावना आणि कायद्याचा उल्लेख. त्यात चूक काहीच नसते.

पण हे पान उघडणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं? ‘पुढची सुट्टी कधी?’ बस्स. म्हणून गव्ह.यूकेच्या पानावर वरच हिरव्या चौकोनात मोठ्या अक्षरांत पुढच्या सुट्टीची तारीख आणि तिचं नाव. चौकोनाखाली येणाऱ्या सुट्ट्यांची यादी, त्याखाली होऊन गेलेल्या. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडसाठी वर वेगळे टॅब. आपल्या मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये सगळ्या तारखा एकदम घालता येतील अशी फाईल. आणि प्रत्यक्ष सुट्टीच्या दिवशी पान उघडलं तर वर पताका लावलेल्या दिसतात! सरकारी पानावर पताका. कुणीतरी त्या माणसाच्या सुट्टीचा विचार करून ते केलंय, हे बघून मला दरवेळी बरं वाटतं.

मांडणीच्या दृष्टीने यातली खरी गोष्ट अशी की पानाचा साचा गरजेवरून ठरला. एका ओळीत उत्तर मिळण्यासारखं असेल तर उत्तराचं पान. समजून घेण्याचं काही असेल तर टप्प्यांत तोडलेलं मार्गदर्शक. उत्तर प्रत्येकाच्या परिस्थितीप्रमाणे बदलत असेल तर एकेक प्रश्न विचारत नेणारं पान. अर्ज करायचा असेल तर चार ओळी आणि ‘सुरू करा’ हे हिरवं बटण. 667 गरजांना हे मोजके साचे पुरले. साचे आधी ठरले म्हणून लिहिणाऱ्यालाही मोकळ्या पानापुढे बसून ‘प्रस्तावना काय लिहू’ असा प्रश्न पडला नाही. एफएक्यूला तर त्यांनी थाराच दिला नाही. लोक जे वारंवार विचारतात ते त्या-त्या पानावर पहिल्या ओळीत यायला हवं. एफएक्यूची यादी लांबतेय याचा अर्थ पानं आपलं काम करत नाहीत.

शब्द आणि पत्ते

ब्रिटनमध्ये गाडीवरच्या वार्षिक कराचं कायद्यातलं नाव वेगळं आणि बोजड आहे. लोक ‘कार टॅक्स’ किंवा ‘रोड टॅक्स’ म्हणतात. गव्ह.यूकेवर त्या पानाचं शीर्षक ‘तुमच्या वाहनाचा कर भरा’ अशा अर्थाचं साधं वाक्य आहे. मजकुराची पातळी नऊ वर्षांच्या मुलाला वाचता येईल अशी ठेवा, असं त्यांचं लिहिणाऱ्यांना सांगणं आहे. वकीलही त्याच पानावर येतो आणि त्यालाही घाईच असते.

मराठीत तर हे दुखणं आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. माणूस ‘घरपट्टी’ शोधतो, मेन्यूत ‘मालमत्ता कर’ असतो. तो ‘सातबारा’ म्हणतो, कागद ‘अधिकार अभिलेख पत्रक’ म्हणतो. औपचारिक नाव मजकुरात जरूर असावं, पण मेन्यूत, शीर्षकात आणि सर्चमध्ये तोंडातला शब्द हवा. मी नव्या कामात संस्थेच्या फोनवर बसणाऱ्या माणसाशेजारी दोन दिवस बसते आणि फोन करणाऱ्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवते. मेन्यूतले निम्मे शब्द त्या वहीतून येतात.

पत्त्यांचा निर्णय तांत्रिक वाटतो, पण माझ्या मते तो या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय आहे. मुख्य मजकुराच्या पानांचे पत्ते कुठल्याही विभागाच्या पोटात ठेवले नाहीत. डोमेननंतर एक तिरपी रेघ आणि लगेच पानाचं नाव: गव्ह.यूके/बँक-हॉलिडेज. मध्ये विभाग, उपविभाग, खातं काही नाही. त्यामुळे उद्या वर्गवारी बदलली, खात्याचं नाव बदललं, दोन खाती एक झाली, तरी पत्ता तोच राहतो. सरकारी खात्यांची नावं तर निवडणुकीगणिक बदलतात. ज्या वेबसाईटच्या पत्त्यांत विभागांची नावं कोरलेली असतात तिथे वर्गवारी सुधारायची म्हटली की हजारो लिंक तुटतात, आणि त्या भीतीने चुकीची वर्गवारी वर्षानुवर्षं तशीच राहते.

जुन्या लिंकचं त्यांनी काय केलं तेही बघा. डायरेक्टगव्ह आणि बिझनेस लिंक बंद करण्याआधी त्यांच्या पत्त्यांची यादी करून प्रत्येकापुढे लिहिलं गेलं: हे पान नव्या कुठल्या पानाकडे न्यायचं, आणि गेलं असेल तर तसं स्पष्ट सांगून राष्ट्रीय अभिलेखागारातल्या जुन्या प्रतीकडे कसं पाठवायचं. छापील पत्रकांवर, ग्रंथालयांतल्या फलकांवर, लोकांच्या बुकमार्कमध्ये जे पत्ते होते ते मेले नाहीत. 17 ऑक्टोबर 2012ला गव्ह.यूकेने त्या दोन्ही वेबसाईटची जागा घेतली आणि जुन्या पत्त्यावर आलेला माणूस बहुतेक वेळा नव्या घराच्या योग्य खोलीत पोचला. एप्रिल 2013मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमचा ‘डिझाइन ऑफ द इयर’ हा मान या वेबसाईटला मिळाला. दिसायला ती अगदी साधी होती: काळी अक्षरं, पांढरी जागा, निळ्या लिंक.

खाती राहायला आली

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात.

नोव्हेंबर 2012पासून मंत्रालयं या नव्या घरात यायला लागली. पहिल्यांत परिवहन आणि स्थानिक शासनाची मंत्रालयं होती. मे 2013पर्यंत सगळी 24 मंत्रालयं आली आणि 2014 संपताना 300हून जास्त संस्था आणि प्राधिकरणं. या मजकुरासाठी वेगळी प्रकाशन यंत्रणा होती, तिचं नाव व्हाइटहॉल. मुख्य मजकूर मध्यवर्ती टीमचे कंटेंट डिझायनर लिहीत होते. या दुसऱ्या बाजूचा मजकूर खात्यांतली माणसं लिहीत होती आणि स्वतःच प्रसिद्ध करत होती. पत्तेही वेगळ्या घराण्याचे होते, ‘गव्हर्नमेंट’ किंवा ‘गायडन्स’ने सुरू होणारे.

नावाला वेबसाईट एक होती, आत दोन झाल्या होत्या. विषयांच्या याद्या तर तीन होत्या. सर्वसामान्य नागरिकांसाठीची एक वर्गवारी, तज्ज्ञांसाठी विषयांची दुसरी आणि धोरणांच्या क्षेत्रांची तिसरी. प्रत्येक यादी आपल्या वेळी, आपल्या कारणाने आलेली. एकाच विषयावरची पानं तीन ठिकाणी विखुरलेली आणि कुठल्याही एका ठिकाणी पूर्ण नाहीत. कर खात्याची वेबसाईट इथे आली तेव्हा कर सल्लागारांनी तक्रारी केल्या की रोजचे तपशील सापडत नाहीत, त्यापेक्षा जुनी बरी होती. त्यांचं म्हणणं मला पटतं. 667 गरजांच्या आखणीत सर्वसामान्य माणूस मध्यभागी होता आणि ते बरोबरच होतं, पण रोज त्याच नियमावलीवर काम करणाऱ्या माणसाचीही गरज असते आणि ती लांब, तपशीलवार, जुन्या आवृत्त्यांसकट असते. पानं कमी करण्याचा उत्साह त्याच्या पानांना सरसकट लावता येत नाही.

माझ्या मते चूक 2012च्या मांडणीत नव्हती. काही हजार पानांसाठी ती उत्तम होती. पुढे पानांची संख्या काही लाखांवर जाणार, लिहिणारे शेकडो असणार, आणि त्यांतल्या प्रत्येकाला आपलं खातं पक्कं ठाऊक असलं तरी वाचणाऱ्याचा विषय ठाऊक असेलच असं नाही, याची तजवीज आखणीत नव्हती. घर बांधताना भाडेकरूंचा विचार राहून गेला. मी हे अगदी लहान प्रमाणात स्वतः केलंय. एका संस्थेची वेबसाईट आम्ही मन लावून मांडली, हवाली केली आणि वर्षभराने उघडली तर ‘इतर’ नावाच्या एका विभागात दीडशे पीडीएफ. तिथल्या कर्मचाऱ्यांचा काही दोष नव्हता. नवीन कागद आला की तो कुठे घालायचा हे ठरवण्याचा नियम आम्ही लिहूनच दिला नव्हता.

एकच यादी

2017च्या सुमारास गव्ह.यूकेच्या टीमने तिन्ही याद्यांच्या जागी विषयांचं एकच झाड उभारायला घेतलं, म्हणजे मोठ्या विषयातून लहान विषयांच्या फांद्या फुटत जाणारी एकच यादी. सगळं एकदम न करता सुरुवात शिक्षणापासून. शिक्षण मंत्रालय, शाळांची तपासणी करणारं ऑफस्टेड, परीक्षांवर देखरेख करणारं ऑफक्वाल, विद्यार्थी कर्ज देणारी कंपनी, या सगळ्यांचा मजकूर एकत्र काढला, वाचला, कुठला कशाशी जुळतो ते लोकांना विषयांची कार्डं देऊन, त्यांच्याकडून त्यांचे गट लावून घेऊन बघितलं आणि झाड तयार झाल्यावर त्याची चाचणी घेतली.

ही झाडाची चाचणी आपल्याकडे फारच कमी लोक करतात, म्हणून दोन शब्द. रंग, चित्रं, सर्च काही नाही. फक्त विभागांची नावं, एकाखाली एक उघडणारी. समोरच्याला एक काम द्यायचं आणि तो कुठल्या फांदीवर जातो, कुठून परत फिरतो, ते टिपायचं. एका रुग्णालयाच्या कामात आम्ही लोकांना विचारलं होतं, ‘आईचा रक्ततपासणीचा रिपोर्ट कुठे मिळेल?’ बहुतेकजण आधी ‘रुग्णांसाठी’मध्ये गेले आणि रिकाम्या हाताने परतले, कारण रिपोर्ट ‘पॅथॉलॉजी विभाग’ या नावाखाली ठेवला होता. डिझाइनचा एक रुपयाही खर्च न होता ती चूक कळली. कागदावर छापूनही ही चाचणी होते.

झाड ठरल्यावर लाखो पानांना टॅग, म्हणजे हे पान कुठल्या फांदीवरचं याची खूण, कोण लावणार हा प्रश्न उरला. हाताने शक्य नव्हतं. आधी माणसांनी लावलेल्या टॅगवर एक मशीन लर्निंगचं मॉडेल शिकवलं गेलं आणि उरलेल्या बहुतेक पानांचे टॅग त्याने सुचवले. मॉडेलला शिकायला माणसांनी नीट वर्ग केलेली पानं आधी हाताशी होती, म्हणून ते जमलं.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट आली, आणि ती मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त आवडते. ‘पायरी-पायरीने’ अशा धर्तीची पानं. विषयांचं झाड ‘हे कुठे आहे’ एवढंच सांगतं. पण माणसाचं काम अनेकदा लांब असतं, महिनोन्महिने चालतं आणि तीन खात्यांतून जातं. असं पहिलं पान होतं गाडी चालवायला शिकण्याचं. ब्रिटनमध्ये वाहन परवाना देणारं कार्यालय वेल्समधल्या स्वॉन्सीला आहे आणि परीक्षा घेणारी संस्था वेगळी आहे. पूर्वी एकाची पानं एकीकडे, दुसऱ्याची दुसरीकडे. नव्या पानावर एकच उभी रेघ आणि तिच्यावर आकडे: तुम्हाला चालवायची परवानगी आहे का ते तपासा, शिकाऊ परवाना काढा, शिका आणि सराव करा, लेखी परीक्षेची तयारी, लेखी परीक्षेची तारीख, प्रत्यक्ष परीक्षेची तारीख, पास झाल्यावर काय. रेघेवरच्या कुठल्याही पानावर गुगलवरून थेट उतरलात तरी ती रेघ बाजूला दिसते, आणि आपण कितव्या पायरीवर आहोत ते कळतं.

माझी मामेबहीण नोकरीसाठी लेस्टरला गेली तेव्हा हे मला तिच्या डोळ्यांनी बघायला मिळालं. पुण्याच्या आरटीओचा दहा वर्षं जुना परवाना तिच्या पर्समध्ये होता. तिने व्हिडिओ कॉल लावला, स्क्रीन शेअर केली आणि म्हणाली, “ताई, तू हेच काम करतेस ना, सांग आता, मी इथे गाडी चालवू शकते का?” मी तिला काही सांगितलं नाही, नुसतं बघत राहिले. तिने गुगलमध्ये मोडक्या इंग्रजीत चार शब्द टाकले आणि ती गव्ह.यूकेच्या एका पानावर उतरली. पानाने एकेक प्रश्न विचारला: परवाना कुठल्या देशाचा, इथे राहायला आलात की फिरायला, वाहन कुठलं. शेवटी साधं उत्तर आलं. राहायला आल्यापासून बारा महिने भारतीय परवान्यावर चालवता येईल, त्यापुढे इथला शिकाऊ परवाना काढून दोन्ही परीक्षा द्याव्या लागतील.

“म्हणजे पहिल्यापासून?” ती वैतागली. मग तिथूनच पुढची लिंक दाबून ती त्या उभ्या रेघेवर पोचली, दुसऱ्या पायरीवर शिकाऊ परवान्याचा अर्ज भरला आणि मला विसरून गेली. काही महिन्यांनी तिचा मेसेज आला तेव्हा ती लेखी परीक्षा देऊन सहाव्या पायरीवर होती, आणि तारीख लवकर मिळत नाही म्हणून कुरकुरत होती. स्वॉन्सीचं कार्यालय कुठे संपलं आणि परीक्षेवाल्यांचं कुठे सुरू झालं, हे तिने मला एकदाही विचारलं नाही.